काळ्या मातीत पाइल किती टन घेतो?

प्रश्न : सांगलीत आमच्या प्लॉटवर पाच मीटर काळी माती आहे. ३०० मिमी व्यासाचा, चार मीटर खोल पाइल (पायासाठी जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब) दहा टन घेईल असं कंत्राटदार म्हणतात. धरावं का?

उत्तर : सरळ पाइल असेल तर मुळीच नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून पाइलच्या अंगापासून सुटते, म्हणून वरच्या दोन मीटरचं घर्षण हिशेबात घेऊच नका. समजा, खालच्या मातीचं कोहेजन, म्हणजे कणांची एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद, दर चौरस मीटरला ५० किलोन्यूटन आलं. टोकाला ९ (चिकण मातीसाठीचा ठरलेला गुणक) × ५० × ०.०७१ (टोकाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये) म्हणजे ३२ किलोन्यूटन. उरलेल्या दोन मीटरवर निम्मं कोहेजन धरून घर्षण ४७. बेरीज ७९, भागिले सुरक्षा गुणक २.५. हाती आले ३२ किलोन्यूटन, म्हणजे (दहा किलोन्यूटनला साधारण एक टन धरून) जेमतेम सव्वातीन टन!

त्याच पाइलला तळाशी ७५० मिमीचा बल्ब, म्हणजे भोक रुंद करून केलेला फुगवटा, काढला की टोकाचे १९९, घर्षण एकाच मीटरचं २४ (उरलेला मीटर बल्बमध्ये जातो). सुरक्षित भार नऊ टनांच्या आसपास जातो.

पण बल्ब खरंच झालाय का, हे काँक्रीटवरून ओळखा. सरळ भोकाला ०.२८ घनमीटर लागतं, बल्बसह सुमारे ०.३५. त्याहून बरंच कमी गेलं तर बल्ब ढासळला असं समजा. पाणी लागलं तर भोक ढासळू न देणारं बेंटोनाइट मातीचं द्रावण हवंच, आणि काँक्रीट ट्रेमीनेच, म्हणजे तळापर्यंत जाणाऱ्या नळीनेच सोडा.

कोहेजन मात्र स्वतःच्या प्लॉटचंच घ्या. मे महिन्यात वाळलेल्या थरातून काढलेला नमुना फसवतो, आकडा फुगून येतो. तीन मीटरखालचा, भिजवून तपासलेला नमुना मागा. आणि ग्रेड बीमखाली (पाइलची डोकी जोडणाऱ्या, जमिनीलगतच्या तुळईखाली) ८० मिमी पोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली माती बीमच उचलते.

प्रश्न : साताऱ्यात आमच्या बोअरला सहा मीटरवर कातळ लागला. पाइल तिथेच थांबवावा?

उत्तर : आधी तो कातळच आहे याची खात्री करा. मुरुमात सुटे धोंडेही असतात आणि ड्रिल त्यांवरही तसंच अडतं. दोन-तीन मीटर कोअर (खडकाचा अखंड दंडगोल नमुना) काढून पाहा. काँक्रीटआधी तळाचा गाळ धुऊन काढा. तो राहिला तर कातळावर टेकलेला पाइलही खचतो. शेवटी एका पाइलवर दीडपट भाराची चाचणी घ्या. ६०० मिमीपर्यंतच्या पाइलला १२ मिमीपेक्षा जास्त खचणं चालत नाही.