गाडी घरपोच घ्यावी की डीलरकडे जाऊन?

सौरभ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. जानेवारीत तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला येणार, पहिले सहा आठवडे कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहणार, आणि सत्तावीस हजार पाउंडांची नवी गाडी आत्ताच ऑनलाइन बुक करून ठेवायचा तुझा विचार आहे. डीलर विचारतोय, गाडी घरी पोचवू की येऊन नेणार? प्राजक्ता म्हणते घरपोच, तू म्हणतोस स्वतः जाऊन आणू.

माझं मत विचारशील तर करार घरी बसून कर आणि ताबा तिथे जाऊन घे. गाडी कुठे हातात येते याचीच काळजी सगळे करतात, पण इथल्या कायद्याला जास्त महत्त्वाचं वाटतं ते करार कुठे आणि कसा झाला हे.

ब्रिटनमध्ये २०१३ च्या ग्राहक करार नियमांप्रमाणे, समोरासमोर न भेटता, म्हणजे वेबसाइट, फोन किंवा ईमेलवरून खरेदी पक्की झाली असेल, तर माल मिळाल्यानंतर १४ दिवसांत काहीही कारण न देता ती रद्द करता येते. नवी गाडीही त्यात आली. तेच तू शोरूममध्ये बसून सही केलीस की हा हक्क गेला. मग गाडी त्यांनी तुझ्या दारात आणून उभी केली तरी तो परत येत नाही. उलट करार पूर्णपणे ऑनलाइन झाला असेल आणि गाडी आणायला तू स्वतः गेलास, तरी १४ दिवस तुझेच. शोरूममध्ये नुसती गाडी बघून आलास तर हरकत नाही. पण तिथे बसून सौदा ठरवला आणि नंतर फोनवर फक्त 'हो' म्हटलंस, तर तो दुरून झालेला करार धरत नाहीत. बरेच डीलर ऑनलाइन फक्त राखून ठेवण्याची छोटी रक्कम घेतात आणि खरा करार ताबा देताना टेबलावर पुढे सरकवतात. म्हणून आधीच ईमेलवर विचार: करार नेमका कधी पक्का होणार आणि १४ दिवसांचा हक्क मला आहे का? उत्तर लेखी घे.

या हक्कावर गाडी चार दिवस हिंडवून परत करायचा बेत मात्र नको. गाडी बघायला जेवढी हाताळावी लागते त्यापेक्षा जास्त वापरलीस तर किंमत जेवढी घटली तेवढे पैसे कापतात, आणि परत पाठवायचा खर्चही बहुतेक तुझ्याच माथी येतो. कर्जाचं आणखी वेगळं. कर्जाच्या करारातूनही १४ दिवसांत बाहेर पडता येतं, पण त्याने गाडीची खरेदी रद्द होत नाही. गाडी तुझीच राहते, फक्त पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात. माझ्या एका मित्राला हे कळेपर्यंत घाम फुटला होता.

गाडीत दोषच निघाला तर ती बाब निराळी. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिले ३० दिवस दोषी माल नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, घरपोच असो की दुकानातून. त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातच होता असं धरतात. नव्हता, हे सिद्ध करायचं काम त्यांचं.

आता घरपोचचा माझा अनुभव सांगतो, कारण प्राजक्ताचा मुद्दा मला तंतोतंत आठवतो. मीही तसाच विचार केला होता: सुट्टी कशाला घ्यायची, येईल की दारात. २०२१ चा नोव्हेंबर होता, तेव्हा आम्ही लीड्सला नुकतेच घर बदलून आलो होतो. 'दुपारी' म्हणून सांगितलेली गाडी आली सव्वाचारला. तेव्हा इकडे चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. वर पावसाची भुरभुर. माणूस गाडी चालवत घेऊन आला होता, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरांच्या व्यापारी नंबर प्लेट लावलेल्या. त्याने त्या काढून पिशवीत टाकल्या, टॅबलेट पुढे केला, मला सही करायला लावली आणि स्टेशनकडे चालता झाला. बिचाऱ्याला पाच वाजताची ट्रेन गाठायची होती. ओल्या गाडीवर सगळं चकचकीतच दिसतं. सकाळी कोरड्या उजेडात मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा दिसला, आणि किलोमीटरऐवजी मैल मोजणाऱ्या त्या काट्यावर १४३ मैल. डीलरचं उत्तर एका ओळीचं: तुम्ही सही करून चांगल्या अवस्थेत ताबा घेतला आहे. शेवटी अर्ध्या खर्चावर तोडगा निघाला, पण दोन महिने ईमेल लिहिण्यात गेले.

कायदा तेव्हाही माझ्याच बाजूने होता. डीलरने ठरवलेल्या माणसाकडून गाडी येत असेल, तर ती तुझ्या हातात पडेपर्यंत वाटेतली जोखीम त्याची. (वाहतूकदार तू स्वतः नेमलास तर मात्र ती तुझी.) पण ओरखडा वाटेत पडला की माझ्या दारात, हे मी कशावर दाखवणार? फोटो एकसुद्धा नव्हता.

म्हणून पहिल्या गाडीसाठी मी जाऊन आणायला सांगतो. डीलरच्या छताखाली, दिव्यांच्या उजेडात, घाई न करता बघता येतं, आणि काही खटकलं तर सही न करता तिथेच थांबता येतं. बोनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवत एक चक्कर मार. चारही अलॉय चाकांच्या कडा बघ, फुटपाथला घासलेल्या असतात. दोन्ही किल्ल्या माग. चाकाचं कुलूपवालं नट उघडायचा छोटा अडॅप्टर दाखवायला सांग, तो हरवला तर पंक्चरच्या दिवशी रस्त्यात रडायची वेळ येते. स्टेपनी बहुतेक गाड्यांत नसतेच, नुसतं दुरुस्तीचं किट असतं, तेही डोळ्यांनी बघ. इलेक्ट्रिक घेत असशील तर चार्जिंगची केबल. आणि सही करण्याआधी काट्यावरचे मैल फोटोत घे.

तरी घरपोचच हवी असेल तर गाडी ट्रकवर येणार की चालवत, हे लेखी विचार, आणि वेळ सकाळची माग. ट्रक गल्लीत शिरला नाही तर कोपऱ्यावर उतरवतात, त्याला हरकत नाही. माणूस उभा असतानाच सगळ्या बाजूंचे फोटो काढ आणि दिसलेला प्रत्येक डाग त्याच्या टॅबलेटवर लिहून मगच सही कर.

पण त्याआधी तुझा खरा अडथळा पत्ता आहे. नव्या गाडीची नोंदणी डीलर करतो, पहिला रस्ताकरही तोच भरतो, पण व्ही-५-सी, म्हणजे इथलं लॉगबुक (गाडीचा नोंदणीचा कागद), डीव्हीएलए ही वाहन नोंदणीची सरकारी संस्था नंतर टपालाने पाठवते, आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. सहा आठवड्यांचा फ्लॅट सोडून तू निघून गेलेला असशील आणि तुझं लॉगबुक पुढच्या भाडेकरूच्या पायपुसण्यावर पडलेलं असेल. पत्ता बदलल्याचं कळवलं नाही तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. विम्याचा हप्ताही पोस्टकोडवर ठरतो. तेव्हा पक्कं भाड्याचं घर मिळेपर्यंत गाडी नोंदवूच नकोस. तोवर ट्रेन आहे.

विमा गाडीचा नंबर हातात आल्यावर, ताब्याच्या दिवसापासून सुरू कर. विम्याशिवाय तू गाडी डीलरच्या फाटकाबाहेरही काढू शकत नाहीस. भारतीय लायसन्सवर हप्ता चढा लागतो, हे गृहीत धर. ते लायसन्स इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने चालतं, पुढे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. चालवण्याच्या परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात हालचाल कर. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीस तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, गाडी निवडताना हे ध्यानात ठेव.

डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भर. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातल्या कलम ७५ मुळे १०० ते ३०,००० पाउंडांच्या वस्तूसाठी, थोडीच रक्कम कार्डाने दिली तरी, डीलरबरोबर कार्ड कंपनीही पूर्ण जबाबदार राहते. तुझी गाडी त्यात बसते. कार्ड मात्र इथल्या बँकेचं हवं, तिकडच्या कार्डाला हे लागू नाही.

एक शेवटचं. १ मार्चलाच ताबा हवा असं तू लिहिलं आहेस. त्या दिवशी इथे नंबर प्लेटवरचा वर्षाचा आकडा बदलतो, तसाच १ सप्टेंबरलाही, आणि नव्या आकड्यासाठी डीलरकडे रांग लागते. विक्रेता तुला दहा मिनिटांत बाहेर काढेल. आठवडाभर उशिरा जा, मंगळवार-बुधवार बघून. नंबर प्लेटवर आकडा तोच येईल. लीड्सहून रेडिंगला यायला मला जमणार नाही, पण ताबा घेताना व्हिडिओ कॉल लाव, अलॉयच्या कडा मी बघतो.

तुझा दादा