यिर्मया वाचायला घेताय? दोन प्रती शेजारी ठेवा

बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची राष्ट्रांविरुद्धची भविष्यवाणी वाचायची तर सुरुवात यशयाच्या पुस्तकापासून नको, यिर्मयाच्या पुस्तकापासून करा. मराठी बायबल प्रचलित हिब्रू पाठाच्या क्रमाने जातं, म्हणून ही वचनं ४६ ते ५१ या अध्यायांत शेवटी सापडतात: आधी मिसर (इजिप्त), सर्वांत शेवटी बाबेल (बॅबिलोन). जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र ती पुस्तकाच्या मध्यात, २५:१३ नंतर लगेच येतात, आणि पहिला मान एलाम या प्राचीन राज्याचा. क्रम तर बदलतोच, शिवाय ग्रीक यिर्मया एकूणच सुमारे एक सप्तमांशाने आखूड आहे.

भाषांतरकाराने कात्री लावली, असं पटकन म्हणू नका. मीही आधी तेच धरून बसलो होतो. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत यिर्मयाचे जे हिब्रू तुकडे मिळाले, त्यांतले काही आखूड पाठाशी जुळतात. हे जुळणारे तुकडे ४६ ते ५१ या अध्यायांचे नाहीत, पण आखूड हिब्रू प्रत खरोखर होती हे त्यांवरून कळतं.

आता ५१:४१ उघडा. तिथला ‘शेशख’ म्हणजे बाबेलच! हिब्रू वर्णमाला उलटी लावली की दुसऱ्या अक्षराच्या जागी शेवटून दुसरं येतं. ब-ब-ल चं श-श-ख होतं. ग्रीक पाठात हा शब्द ना इथे आहे, ना २५:२६ मध्ये. माझ्या मते तो नंतरच्या हिब्रू संपादकाने घातला. पेन्सिल घेऊन असे फरक समासात टिपत चला; टीकाग्रंथ त्यानंतर उघडा.