तांबडा समुद्र: सगळी गोम उंबरठ्यात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तांबड्या समुद्राला बारमाही नदी मिळत नाही, पाऊस नावालाच, ऊन मरणाचं; मग मृत समुद्रासारखा तो मिठाने भरून कसा गेला नाही? आणि 'हा उद्याचा महासागर' म्हणतात, त्यात तथ्य किती?

मिठाचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर साध्या नकाशात सापडत नाही. नकाशा बघताना नजर दक्षिणेला, एडनच्या आखाताकडे उघडणाऱ्या बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या तोंडावर जाते. पण रुंदीपेक्षा महत्त्वाची जागा तिथून सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला, हनिश बेटांपाशी आहे. तिथे तळ वर उचललेला आहे आणि पाणी जेमतेम 137 मीटर खोल. आत मधल्या खाचेत मात्र खोली 2,500 मीटरच्याही पुढे जाते. खोल तळघराच्या दाराला उंच उंबरठा असावा, तसं हे घर आहे. या समुद्राबद्दलचे निम्मे प्रश्न त्या उंबरठ्यापाशीच सुटतात.

वर्षाला साधारण 2 मीटर जाडीचा थर वाफ होऊन उडून जातो. ती तूट एडनच्या आखातातलं पाणी आत येऊन भरून काढतं. या येणाऱ्या पाण्यात किलोमागे साधारण 36.5 ग्रॅम मीठ असतं. ते उत्तरेकडे सरकत जातं तसं आटतं आणि 40 ग्रॅमच्या वर पोचतं. हिवाळ्यात उत्तर टोकाला, सुएझ आणि अकाबाच्या आखातांत ते गार होतं, जड होतं आणि बुडतं. मग खालून उलट दिशेने येऊन उंबरठ्यावरून बाहेर सांडतं. हिशोब घागरींत करून बघा: 11 घागरी आत आल्या, 1 हवेत गेली, 10 बाहेर गेल्या. आत आलेलं मीठ 11 गुणिले 36.5 म्हणजे 401.5, बाहेर गेलेलं 10 गुणिले 40 म्हणजे 400. जवळपास फिटंफाट. मृत समुद्राला बाहेर जायला वाटच नाही, एवढाच फरक. पण तोच सगळा फरक आहे.

उन्हाळ्यात या व्यवहाराला तिसरा मजला चढतो. जून ते सप्टेंबर वायव्येचा वारा वरचा पातळ थर बाहेर ढकलतो, तळाचा खारा प्रवाह मंदावतो आणि दोघांच्या मधून एडनकडचं गार, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी आत घुसतं. मी बरीच वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. ऑगस्टमध्ये दक्षिण टोकाला इंजिन थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणीच 32-33 अंशांवर यायचं आणि आम्ही त्या समुद्राच्या नावाने खडे फोडायचो. आमच्या खाली साधारण पन्नास मीटरवरूनच 17-18 अंशांचं पाणी आत चाललेलं असतं, हे नंतर वाचलं तेव्हा चडफडलो.

उंबरठ्याची आणखी एक करामत तळाशी दिसते. अरबी समुद्रात 2,000 मीटरवर पाणी 2-3 अंशांचं असतं. तांबड्या समुद्रात त्याच खोलीवर 21-22 अंश! बाहेरचं थंड खोल पाणी 137 मीटरची पायरी चढून आत येऊच शकत नाही.

आता उंबरठा आणखी वर आला तर? तसं घडून गेलं आहे, फक्त उंबरठा वर न येता समुद्र खाली गेला. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्रपातळी 120 मीटरच्या आसपास खाली होती. हनिशवर उरली कशीबशी 15-20 मीटरची फट. समुद्र तुटला नाही, पण देवाणघेवाण इतकी आवळली गेली की क्षारता किलोमागे 50 ग्रॅमच्या वर गेली आणि वरच्या पाण्यात तरंगणारे फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचं असलेले एकपेशीय सूक्ष्मजीव, त्या काळच्या गाळातून जवळजवळ गायबच झाले. म्हणूनच जुनी समुद्रपातळी मोजायला या समुद्राचा गाळ इतका उपयोगी पडतो: उंबरठ्यावरचं पाणी थोडं कमी झालं तरी आतल्या कवचांच्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणात, ते ठळक उमटतं.

दुसरा प्रश्न. 'उद्याचा महासागर' हे मला अर्धवट वाटतं. दक्षिणेत तो आजच महासागर आहे, फक्त लहान. साधारण 2.5 कोटी वर्षांपूर्वी अरबस्तान आफ्रिकेपासून फाटू लागला आणि खचदरी तयार झाली. पुढे तिच्यात समुद्र शिरला, आटला आणि काही ठिकाणी किलोमीटरच्या मापात मोजावे लागतील इतके जाड मिठाचे थर बसले. सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीपासून दक्षिणेकडच्या मधल्या खाचेत बेसॉल्टचा खराखुरा महासागरी तळ तयार होतो आहे. दोन्ही काठ वर्षाला एक-दीड सेंटीमीटरने दुरावतात, दक्षिणेत जास्त, उत्तरेत कमी. उत्तरेकडे हा तळ सलग आहे की तुकड्यातुकड्यांत, यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. वादाचं एक कारण तेच जुनं मीठ: ते हिमनदीसारखं हळूहळू वाहत खाचेत उतरतं आणि खालचा ज्वालामुखी खडक झाकून टाकतं.

त्याच मिठातून मुरलेलं पाणी खालच्या तापलेल्या खडकाला भिडतं आणि धातू विरघळवून वर येतं. 'अटलांटिस 2' नावाच्या खळग्यात 2,000 मीटर खोलीवर 60 अंशांच्या वर तापलेली खारवणी साठली आहे, साध्या समुद्राच्या सुमारे सातपट खारट. तळाच्या चिखलात जस्त, तांबं, चांदी. नुसत्या तांबड्या समुद्राचं म्हणून जे काही आहे, त्यात मला हे सर्वांत विलक्षण वाटतं.

आणि फाटण्याचं काम आजही चालू आहे याचा पुरावा हवा असेल, तर येमेनच्या किनाऱ्यासमोरच्या झुबैर बेटांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो शोधा. 2011 च्या डिसेंबरात तिथे पाण्यातून ज्वालामुखी उसळून एक बेट वर आलं, 2013 मध्ये दुसरं. पहिल्याचं नाव शोलान, दुसऱ्याचं जदीद. जदीद म्हणजे अरबीत 'नवं'.