जोंगा रोजच्या वापराला घ्यायची का? आधी पेट्रोलचा हिशोब बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही चिंचवडला राहता, नोकरी चाकणला, जाऊन येऊन 44 किमी. हातात पगार 92 हजार, होम लोनचा हप्ता 31, घरखर्च स्विफ्टच्या पेट्रोलसकट 35 आणि मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी 12 हजार. आता 2016 ची स्विफ्ट सव्वातीन लाखाला विकायची, मुलीच्या फंडातले सव्वा लाख काढायचे आणि साडेचार लाखाची 1974 ची आर्मी डिस्पोजलची (सेनेनं लिलावात काढलेली) पेट्रोल जोंगा, म्हणजे सेनेची जुनी जीपसारखी गाडी, घेऊन रोज तीच चालवायची. वडील ईएमईमधून (सेनेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) रिटायर झालेत, त्यांनी अर्धं आयुष्य ह्याच गाड्यांखाली काढलंय आणि त्यांचे हातपाय चालतायत तोवर ही गाडी दारात यावी असं तुम्हाला वाटतं.

हे शेवटचं कारण मला पटतं आणि मी ते हिशोबातून वगळणार नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत 1969 पासून 1999 पर्यंत ही गाडी बनली, जपानी निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ (Patrol) ह्या गाडीचं डिझाइन, वर्षानुवर्षं सेनेनं वापरली. ज्या माणसानं ती सांभाळली त्याला ती परत मिळावी ह्यासाठी पैसे खर्च करणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. पण गाडी घेणं आणि रोज चालवणं हे दोन वेगळे खर्च आहेत आणि तुमच्या मेलमध्ये सगळा विचार पहिल्याचाच दिसतोय.

इंजिन 3956 सीसी, सहा सिलेंडर, कार्ब्युरेटरवालं. चांगल्या ट्यूनिंगमध्ये 5 चं ॲव्हरेज धरा, आणि नाशिक हायवेला चाकणच्या अलीकडे जे ट्रॅफिक लागतं त्यात 4 वर आलं तरी नवल नाही. महिन्याचे 24 दिवस ऑफिस आणि थोडं इकडंतिकडं मिळून 1,100 किमी होतात. 5 नं भागलं की 220 लिटर, 104 रुपयांनी जवळपास 22,900 रुपये. स्विफ्ट 17 देत असेल तर तेच अंतर 6,700 मध्ये होतं. म्हणजे महिन्याला 16 हजारांचा फरक, फक्त पेट्रोलचा. आता तुमचेच आकडे परत बघा, सगळं जाऊन तुमच्याकडे उरतात 14 हजार. म्हणजे पहिल्या महिन्यापासून एसआयपीला हात लागणार, आणि एखाद्या महिन्यात ब्रेकचं काम निघालं की ती बंदच पडणार. मुलगी 9 वर्षांची आहे. दर महिन्याचे हे 16 हजार ती 18 ची होईपर्यंत गुंतवले आणि 10 टक्के परतावा धरला (गॅरंटी कुणी देत नाही, नुसतं धरूया) तर साधारण 28 लाख होतात. साडेचार लाखाच्या गाडीची खरी किंमत तुमच्या बाबतीत ही आहे.

आता त्या व्हिंटेज नंबरबद्दल. विकणारा म्हणतोय की गाडी 50 वर्षांच्या वर आहे, व्हीए सिरीजचा (व्हिंटेज गाड्यांसाठीचा) नंबर करून देतो, दहा वर्षं बघायला नको. तो म्हणतो ते अर्धं खरं आहे. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण त्याच नियमात लिहिलंय की अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, मेंटेनन्स, पेट्रोल भरायला नेणं एवढंच. म्हणजे त्या नंबरवर रोज चाकणला गेलात तर रोज नियम मोडताय, आणि त्यात अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनीच्या हातात आयतं कारण. रोज चालवायची तर साधं रजिस्ट्रेशनच हवं, दर पाच वर्षांनी रिन्युअल, फिटनेस, पर्यावरण कर. 20 वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी 2025 मध्ये 10 हजार केलीये, तीही पकडा.

ॲव्हरेज कमी म्हणून नंतर डिझेल इंजिन टाकू असंही तुम्ही लिहिलंय. कृपया हे आरटीओच्या परवानगीशिवाय करू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ह्याच्यासाठीच आहे आणि आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असं निघालं की फिटनेसही अडकतं आणि क्लेमही. शिवाय इंजिन बदललं की मूळ रूप गेलं, म्हणजे तो व्हिंटेजचा रस्ताही अवघड होतो. आणि हो, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त डिफेन्सच्या गाड्यांना चालतो, केंद्रीय मोटार वाहन नियमात तसं स्पष्ट आहे, तेव्हा गाडी अजून त्या रंगात असेल तर पेंटिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

इन्शुरन्समध्ये 1500 सीसीच्या वरच्या प्रायव्हेट कारचा थर्ड पार्टी प्रीमियम 7,897 रुपये प्लस जीएसटी, तो भरला की झालं. अडचण ओन डॅमेजची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरची आहे. इतक्या जुन्या गाडीला ते कव्हर सहज मिळत नाही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा ठोकली तर साडेचार लाख तुमच्या खिशातून गेले. लोन तर विसराच, असल्या गाडीवर बँक कार लोन देत नाही आणि पर्सनल लोनच्या व्याजावर हौस करू नये असं माझं ठाम मत आहे.

मेंटेनन्सला वडील आहेत ही तुमची खरी जमेची बाजू, कारण जोंगा समजणारा मेकॅनिक आज शोधावा लागतो. पण पार्ट वडील बनवू शकत नाहीत ना. सेनेच्याच एक टनी निस्सान कॅरियर ट्रकलाही हेच इंजिन होतं त्यामुळे इंजिनचं सामान जुन्या बाजारात मिळतं, कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या मायापुरीत, पण ते मिळेपर्यंत आठवडाभर गाडी उभी आणि तुम्ही रोज ऑफिसला कॅबनं, हा खर्च कुणी धरतच नाही. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम ह्याला बनलेले नाहीत, ते सगळं पहिल्याच महिन्यात बदलून घ्यायचं. पहिल्या वर्षाला 1 लाख बाजूला ठेवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आणि मुलीला शाळेत सोडायचं म्हणताय. चारी चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, मागे समोरासमोरच्या बाकड्या. हा पैशाचा मुद्दा नाही पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. शाळेला स्विफ्टच.

तर माझा सल्ला असा की स्विफ्ट विकू नका, मुलीच्या फंडाला हात लावू नका, आणि जोंगा दुसरी गाडी म्हणून दोन वर्षांनी घ्या. उरणाऱ्या 14 मधले 12 हजार आरडीत टाका, साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत साधारण 3 लाख 8 हजार होतात, वर्षाला 90 हजार बोनस येतो म्हणालात ते दोन्ही वर्षांचे त्यात घाला, पावणेपाच लाखाच्या पुढे गेलात. पुढच्या सहा महिन्यांच्या आरडीतून दुरुस्तीचा फंड उभा राहतो. त्यानंतर महिन्याला 150 किमी, रविवारी वडिलांना घेऊन लोणावळा नाहीतर देहूरोड, 30 लिटर पेट्रोल, 3,100 रुपये. हे तुम्हाला झेपतं आणि त्यात मजाही आहे, फक्त अशा फेऱ्यांनाही साधाच नंबर ठेवा.

दोन वर्षं थांबवतच नसेल, वडिलांच्या वयाचा विचार आहे, तर डिस्पोजलची मारुती जिप्सी बघा. 1.3 लिटर इंजिन, 10 च्या आसपास ॲव्हरेज, पार्ट बऱ्यापैकी मिळतात, सेनेचीच गाडी आणि वडिलांच्या हाताखालून ती पण गेलेली असणार. तीसुद्धा स्विफ्ट ठेवूनच, आणि ह्या वर्षीच्या बोनसमध्ये जेवढी बसेल तेवढीच.

विकणारा 25 हजार टोकन मागतोय ते आत्ता देऊ नका. आधी आरसीची मुदत, इंजिन आणि चॅसी नंबर, दुसऱ्या राज्याची नोंदणी असेल तर एनओसी, आणि सेनेच्या लिलावाचे कागद मागा. त्या कागदावर जुना आर्मी नंबर असतो, त्यातल्या बाणाच्या खुणेपुढचे दोन आकडे म्हणजे गाडी सेनेत आल्याचं साल. तिथे 74 आहे का ते वडिलांनाच बघू द्या.