रविवारच्या फोनवरची म्हण

मस्कतहून एका ताईंचं पत्र आलंय. सासरचं घर फोंडा तालुक्यात, घरामागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. सासऱ्यांचा जन्म गोवा मुक्तीच्या आधीचा. तेव्हा तो लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट करावा, असं नवऱ्याच्या मनात आहे. दर रविवारी फोनवर सासरे म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." दीर म्हणतो, "थांबला तो संपला." ताई विचारतात, दोन्ही म्हणी खऱ्या, मग ऐकायचं कुणाचं?

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'बोलतात ह्यांच्याशी, पण फोन स्पीकरवर ठेवायला सांगतात.' लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! हा सगळा बेत सुनेचा, असं त्यांनी धरून ठेवलंय. ते तुम्हाला लागतं आणि लागायलाच हवं. तरी फोन ठेवायची घाई करू नका. आपल्याकडच्या जुन्या माणसांना 'मला आता एकट्याला झेपत नाही' हे सरळ म्हणता येत नाही. म्हण मात्र तोंडात तयार असते.

आधी त्या म्हणीतलं 'हातचं' म्हणजे नेमकं काय, ते बघा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे, आणि गोव्यातल्या कितीतरी घरांनी तो धरलाय. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इकडचं संपतं, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते ओसीआय कार्ड उरतं. त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. खरं तर परदेशात राहताना भारतीय पासपोर्टवरही ती घेता येत नाही. पण भारतीय माणूस कायमचा परत आला की त्याला ती वाट मोकळी होते, ओसीआयवाल्याला होत नाही. वारशाने आलेली बागायत दोघांनाही ठेवता येते.

तुम्ही लिहिलंय की चुलत्यांचा वाटा पुढेमागे घ्यायचा विचार आहे. कुळागर म्हणजे बागायतच. तेव्हा सासऱ्यांची म्हण इथे अगदी नेमकी लागू पडते, त्यांनी कायदा वाचला असो वा नसो. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. आजोबांच्या भावांची नावं अजून तिथेच असली तर नवल नाही. लिस्बनचे कागद गोळा करण्याआधी हे काम करा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि घर-जमीन विकताना दोघांचीही सही लागते. उद्या वारसा आला तर त्या कुळागराच्या कागदावर तुमची सही लागणार आहे. म्हणून या बोलण्यात तुम्ही उघडपणे बसा. स्पीकरच्या पलीकडे गप्प राहू नका.

दिरांच्या म्हणीबद्दल फार लिहीत नाही. थांबायचं की निघायचं हे पगार आणि मुलाची शाळा बघून ठरतं.

माझ्या वडिलांची आत्या आमच्याकडे पडवीत बसून सुपारी सोलायची. कुणी काही विचारायला आलं की कातीवरचा हात न थांबवता म्हणायची, "ऐकावं जनाचं, करावं मनाचं." लहानपणी मला त्यातलं 'करावं मनाचं' एवढंच ऐकू यायचं, आणि तेवढ्यावर मी दोन-तीन निर्णय घाईने घेतले, त्यातला एक अजून सलतो. पुढे आईने सांगितलं की दुभती गाय विकायच्या आधी ही बाई तीन घरी जाऊन आली होती, नुसतं विचारायला. तिसऱ्या घरच्यांनी दर सांगितला, तो ऐकून तिने गाय ठेवली. ती म्हण पाळताना 'ऐकावं'साठी तिने अख्खा एक दिवस दिला होता. मला वाटतं, आपण परदेशी राहणारी माणसं नेमकी तिथे कमी पडतो, कारण ऐकायला आपल्याकडे रविवारची वीस मिनिटं असतात.

तुमच्या दहा वर्षांच्या मुलाने 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ऐकून विचारलं, "मग मोठा बेड का नाही घ्यायचा?" त्याला हसण्यावारी नेऊ नका. प्रश्न चोख आहे. त्याला अर्थ तुम्ही सांगू नका, आजोबांना विचारायला लावा. ते सांगतील तेव्हा त्यात त्यांचं कर्ज, त्यांची पहिली नोकरी, कुळागरातलं एखादं वाईट वर्ष येईल. ते तुम्हीही पहिल्यांदाच ऐकत असाल.

या रविवारी पासपोर्टचा विषय काढू नका. पोफळींना पाणी कोण सोडतंय, नारळ पाडणारा पाडेली वेळेवर मिळतो का, मिरवेल कशी आहे, एवढंच विचारा. आणि हे तुम्ही स्वतः विचारा, ताई. नवऱ्याला विचारायला लावू नका.