डोस अडतो तो घरात

'बाळाला लशीच्या पहिल्या डोसला ताप आला, म्हणून पुढचे दिलेच नाहीत. आता सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल का?' हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करायचं. दिलेला डोस वाया जात नाही.

पण डॉक्टरांना विचारायचा हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकासमोर का येतो, याचं उत्तर मला हडपसरच्या एका घरात मिळालं. (१९६६ पासून जिथे लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, तेच पुण्याचं हडपसर!) सून आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, बाळ आठ महिन्यांचं आणि पेंटाचा एकच डोस झालेला, दीड महिन्याचा. (पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या 'ट्रिपल'सकट पाच आजारांवरची एकत्र लस.)

"लशीची भीती वाटते?"

"लस वाईट नाही हो. पण त्या रात्री बाळ तापलं, दोन वाजेपर्यंत रडत होतं. सासूबाई म्हणाल्या, चांगलं खेळतं लेकरू आजारी पाडून आणलंस."

"आणि मिस्टर?"

"त्यांची सकाळची शिफ्ट होती. ते आतल्या खोलीत झोपले."

अशा आईला आपण माहिती देत सुटतो. माहिती तिला असतेच. पुन्हा तसा बोल ऐकायची तिची तयारी नसते. मी माणसाकडे त्याच्या घरासकट बघते, त्यामुळे पुढच्या वेळी तिघांनाही बोलावलं.

सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. लशीबद्दल मी काहीच विचारलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी डोस आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"घरी आल्यावर. मांडीला कापूस चिकटलेला दिसला तेव्हा." मग एकदम म्हणाल्या, "मी दोन पोरं वाढवली. दोघांना ट्रिपल दिलं, मांडी लालभडक व्हायची. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, ताप येतोच म्हणून!"

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. नवखी समुपदेशक इथे लसीकरणाचं महत्त्व सांगायला लागली असती. मी गप्प बसले. थोड्या वेळाने सूनच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुम्ही चला." ज्यांना मी अडसर समजत होते, त्यांनाच तापाचा अनुभव सगळ्यांत जास्त होता. त्यांना धरून कुणी चाललंच नव्हतं.

महापालिकेच्या दवाखान्यात बाळ आजीच्या मांडीवर होतं. नर्सताईंना सगळे प्रश्न त्यांनीच विचारले. पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येऊ शकतो, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनानुसार, विचारूनच द्यायचं. टोचलेली जागा चोळायची नाही. डोस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. बाळ तीन तास सलग रडलं, झटका आला, दूध सोडलं किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, डोसच्या आदल्या दिवशी रात्रीची पाळी ठरवा. कोण जागणार, कोण दूध पाजणार, सकाळी कोण उशिरा उठणार. बाबांनी त्या दिवशी आतल्या खोलीत झोपायचं नाही. साधी सर्दी असेल तर स्वतःच डोस पुढे ढकलू नका, नर्सताईंना ठरवू द्या. रविवारी पोलिओचे थेंब पाजले म्हणजे बाकीचं झालं, असंही नाही. ते थेंब जादाचे असतात. पहिलटकरणीचं कार्ड हमखास माहेरी राहतं, म्हणून त्याचा फोटो दोन्ही घरच्या मोबाइलमध्ये हवा. कार्ड हरवलंच तर जिथे डोस घेतला तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, लाजू नका, जाऊन विचारा.

या बाळाचे पेंटाचे उरलेले दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने झाले. नऊ महिने भरल्यावर गोवर-रुबेलाही झाली. तिचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. बाळ चालायला लागलं की हाच डोस घरोघरी विसरतात. ही तारीख मी बाबांच्या मोबाइलमध्ये, माझ्यासमोर, टाकून घेतली.