पतंजलिवंदना म्हणू लागण्यापूर्वी

आपण योगवर्गात नुकतेच येऊ लागला आहात, म्हणून सुचवतो की ‘योगेन चित्तस्य पदेन वाचां, मलं शरीरस्य च वैद्यकेन’ हा श्लोक पाठ करण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्यावा. योगाने चित्ताचा, व्याकरणाने वाणीचा आणि वैद्यकाने शरीराचा मळ ज्यांनी दूर केला, त्या मुनिश्रेष्ठ पतंजलींना हात जोडून केलेले हे वंदन आहे. हे तिन्ही कार्य एकाच व्यक्तीचे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते त्यामुळे वंदनाचे मोल उणावत नाही.

खरी अडचण उत्तरार्धात येते. ‘योऽपाकरोत्तं’ म्हणजे ‘यः अपाकरोत् तम्’ आणि ‘प्राञ्जलिरानतोऽस्मि’ म्हणजे ‘प्राञ्जलिः आनतः अस्मि’, ही फोड एकदा वहीत लिहून काढली की जीभ अडखळत नाही. श्लोक उपजाती वृत्तात असून प्रत्येक चरणात 11 अक्षरे आहेत, त्यामुळे श्वास चरणाच्या शेवटीच घ्यावा.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत वर्गाचा आरंभ याच वंदनाने होतो. स्वस्तिकासनात पाठ ताठ ठेवून बसावे, आणि पहिले काही आठवडे केवळ लक्षपूर्वक ऐकले तरी चालेल.